एम पूर्वची माणसं मोजायची तर राहत्या पत्त्याने मोजा

मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच वैद्यकीय आरोग्य अधिकारी, एम पूर्व विभाग यांस,

विषय : गोवंडी-मानखुर्दमधल्या लोकसंख्येची आणि आजारपणाची वस्तीनिहाय मोजणी

सप्रेम नमस्कार.

‘गोवंडीचा माणूस सरासरी ३९ वर्षं जगतो.’ हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की आमच्या गल्लीतली साठी ओलांडलेली एक बाई ‘मी तर बोनसवर आहे’ असं म्हणून हसते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात पालिकेच्या २४ विभागांमध्ये एम पूर्व, म्हणजे आमचा गोवंडी-मानखुर्दचा विभाग, तळाला होता, मानव विकास निर्देशांक एकापैकी ०.०५. तेव्हापासून आमची ओळख या दोन आकड्यांवर चाललीय. पुढारी भाषणात सांगतात, पत्रकार पहिल्या ओळीत लिहितात, संस्था निधीच्या अर्जात टाकतात.

मी याच विभागात पालिकेची आरोग्य स्वयंसेविका होते. आता निवृत्त आहे. रजिस्टर बगलेत मारून घरं फिरणं हेच काम होतं, त्यामुळे आकडा कसा तयार होतो ते मला कागदावरून नाही, उंबऱ्यावरून माहीत आहे. म्हणून आधी या ३९ बद्दल बोलते.

ते आयुर्मान नव्हे. जी माणसं मेली त्यांच्या वयाची ती सरासरी. ज्या वस्तीत पोरंबाळं खूप आणि म्हातारी माणसं कमी, तिथे ही सरासरी खाली येणारच. त्यात आमच्याकडची म्हातारी माणसं शेवटच्या आजारपणात गावी जातात. कुणी उत्तर प्रदेशात बस्तीला, कुणी बीडला, कुणी कलबुर्गीला. मुंबईत दवाखान्याचा खर्च झेपत नाही आणि माती गावची मिळावी असंही वाटतं. ते मृत्यू तिकडे नोंदले जातात. इथल्या नोंदीत उरतात ती मुलं, तरणे पुरुष, बाळंतिणी. म्हणून तो आकडा काहीसा वाजवीपेक्षा खाली आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण माझी तक्रार उलट बाजूनेही आहे. आमचे कितीतरी मृत्यू आमच्या खात्यावर धरलेच जात नाहीत.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की घटना जिथे घडली तिथे नोंद. शिवाजीनगरच्या बाईचं जोखमीचं बाळंतपण सायनला जातं. सायन हॉस्पिटल एफ उत्तरमध्ये. राजावाडीला गेलं तर ते एन विभागात. टीबीचा गंभीर पेशंट शिवडीला, म्हणजे एफ दक्षिणमध्ये. मोठी इस्पितळं बहुतेक पश्चिमेला किंवा दक्षिणेला, आणि आम्ही शहराच्या पूर्व टोकाला खाडीशी. म्हणजे जितकं दुखणं मोठं, तितकी त्याची नोंद आमच्यापासून लांब. अडीच महिन्यांचं बाळ सायनच्या वॉर्डात दगावलं तर त्याच्या घराजवळच्या हेल्थ पोस्टला, म्हणजे पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राला, ते कळतं कसं? स्वयंसेविका पुढच्या डोससाठी दार वाजवते तेव्हा. त्या दाराशी उभं राहणं कसं असतं हे इथे लिहीत नाही.

गंमत अशी की माहिती असते. मृत्यूच्या फॉर्मवर मयताचा राहता पत्ता लिहावा लागतो, जन्माच्या फॉर्मवर आईबापाचा. तो पत्ता परत पाठवायचा, एवढंच काम बाकी आहे. सायन, राजावाडी, केईएम, शिवडी इथून दर महिन्याला एम पूर्वच्या पत्त्यावरचे मृत्यू वेगळे काढून त्या त्या हेल्थ पोस्टला कळवता येतील. यंत्रणा तुमची, इस्पितळं तुमची, नोंदणी अधिकारीही तुमचेच. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे, त्यामुळे नोंदी आता संगणकावर चढतातच. पत्त्याप्रमाणे त्या चाळायला नवीन इमारत बांधावी लागत नाही.

आता ‘एम पूर्व’ या नावाबद्दल. २०११ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या ८,०७,७२० होती. एखाद्या जिल्ह्याच्या शहराला लाजवील अशी. यात अणुशक्तीनगर येतं, जिथे झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. देवनारच्या सोसायट्या येतात. त्याच विभागात रफीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प, मंडाला, लल्लूभाई कंपाउंड. या सगळ्यांची सरासरी काढून जो ‘एम पूर्वचा माणूस’ तयार होतो तो कुठल्याच गल्लीत राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तर जिल्ह्यापाशीच थांबतं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, बस. म्हणजे वांद्र्याचं बाळ आणि रफीनगरचं बाळ एकाच टक्केवारीत.

इथे कोण राहतं हे विचारताना आधी हे विचारलं पाहिजे की इथे कोणाला आणून ठेवलं. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून आहे. कत्तलखाना १९७१ चा. शहराला जे दारात नको होतं ते आमच्या दिशेला गेलं आणि माणसांच्या बाबतीतही तेच झालं. १९७६ मध्ये जनता कॉलनी ही वस्ती उठवली आणि हजारो कुटुंबं चिता कॅम्पला आली. शिवाजीनगर, बैंगनवाडीत त्याच दशकात दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट आखून ठिकठिकाणच्या झोपड्यांतली माणसं बसवली. २००० नंतर लोहमार्गालगतच्या, नाल्याकाठच्या, रस्तारुंदीतल्या झोपड्या हटल्या, त्या लोकांना मानखुर्दच्या इमारतींत २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. ‘मिळाली’ असंच म्हणतात. कुर्ल्याला धुणीभांडी करणारी बाई मानखुर्दला आली की तिची चार कामं सुटतात, हे त्या हिशोबात नसतं. त्यामुळे इथली लोकसंख्या ‘वाढली’ असं सरकारी कागदात वाचलं की मला हसू येतं. बरीचशी तुम्ही वाढवलीत.

आणि अजून वाढणार आहे. देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचं ठरलंय, तिथे धारावीतल्या अपात्र ठरलेल्यांची घरं व्हायची आहेत. जागा मोकळी करायला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसायचा आहे. उपसताना उडणारी धूळ कुणाच्या छातीत जाईल याचं उत्तर नकाशा पाहूनही देता येतं. पण मी आत्ता त्या वादात शिरत नाही. मला फक्त इतकं विचारायचंय की येणाऱ्या माणसांसाठी किती दवाखाने, किती नर्सा, किती प्रसूतीच्या खाटा धरल्या आहेत? राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचं २०१३ पासूनचं प्रमाण आहे, ५०,००० लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. २०११ ची लोकसंख्या धरली तरी एम पूर्वला सोळा होतात. आजची लोकसंख्या किती हे जनगणना झाल्यावरच कळेल, म्हणजे १ मार्च २०२७ च्या संदर्भ दिनांकाची. मधली सोळा वर्षं आपण जुन्या आकड्यावर काढली. मुलं जन्मली, शाळेत गेली, जरीच्या कामाला लागली, आणि त्यांची मोजणीच झाली नाही.

जरीचं निघालं म्हणून सांगते. दहा बाय पंधराच्या त्या प्लॉटवर आता तळमजला, वर एक माळा, कुठे त्याच्यावर आणखी एक. बाहेरून लोखंडी शिडी. खाली मालकाचं कुटुंब, वर भाडेकरू, त्यावर कारखाना. रजिस्टरमध्ये घर क्रमांक एकच. नवीन स्वयंसेविका खालच्या बाईला विचारते, ‘कितनी औरतें, कितने बच्चे?’ ती आपले सांगते. वरच्यांचं नाव घेत नाही, कारण भाडेकरूचा कागद नसतो आणि सर्व्हेवाली म्हणजे तोडकवाल्यांची माणसं अशी भीती असते. ही भीती उगाच नाही, इथे सर्व्हे झाला की पुढे बुलडोझर आला असं लोकांनी पाहिलंय. शिडी चढून वर गेलं तरच कळतं की तिथे सात महिन्यांची गरोदर बाई आहे, जिचं कुठेही नाव नाही. पोलिओच्या दिवशी दारावर आपण ‘पी’ लिहितो, सगळ्या मुलांना डोस मिळाला म्हणून. माळ्यावरची दोन मुलं त्या ‘पी’च्या डोक्यावर झोपलेली असतात.

आणि कारखान्यातली पोरं. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेली, चौदा-पंधरापासून पंचवीस वर्षांची. अड्ड्यावर, म्हणजे जरीकामाच्या चौकटीवर, दिवसभर वाकून टाका घालतात, रात्री तो गुंडाळून तिथेच झोपतात. खिडकी बहुधा बंद, कारण वाऱ्याने धागा हलतो. आपला सगळा सर्व्हे कुटुंबाचा. मूल होण्याच्या वयातली जोडपी, गरोदर माता, पाच वर्षांखालची मुलं. या पोरांचं यातलं काहीच नाही, म्हणून ती आमच्या कुठल्याही रकान्यात बसत नाहीत. खोकला महिनाभर टिकला की ती गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातात, पन्नास-शंभर रुपयांत सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या घेतात. फारच झालं तर गावी जातात. टीबीचं निदान मग मधुबनीला होतं आणि आजार इथे राहिलेल्या दहाजणांत असतो.

त्या खासगी डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे. काही खरोखर बोगस आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. पण बाकीचे बीयूएमएस, बीएचएमएस, म्हणजे युनानी-होमिओपॅथीची पदवी झालेले आणि रात्री अकरापर्यंत बसलेले असतात. रोजंदारीवरचा माणूस दुपारी बंद होणाऱ्या दवाखान्यात केस पेपर काढायला एक दिवसाची मजुरी घालवणार नाही. पालिकेचा ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत चालतो, ही चांगली सुधारणा झाली, ते मी मोकळेपणाने मान्य करते. तरी आमच्या वस्तीची खरी प्राथमिक आरोग्यसेवा आजही त्या प्लायवूडच्या पार्टिशनमागे आहे, आणि तुमच्या कुठल्याही आढाव्यात ती दिसत नाही. हे दवाखाने नकाशावर घ्या, आठवड्याला ताप किती, पुरळ किती, जुना खोकला किती एवढं तीन ओळींत मागा. धमकावून नव्हे. नोटीस दिली की शटर पडतं, माहिती बंद.

पुरळाचं का म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये रफीनगरात एकाच घरातली तीन लहान मुलं दोन दिवसांत गेली, आणि मग शहराला कळलं की गोवंडीत गोवर पसरलाय. केंद्राचं पथक आलं. जादा डोस सुरू झाले, सहा महिन्यांच्या बाळांनाही द्यावा लागला. त्या वेळी ‘लोक लस घेत नाहीत, अंधश्रद्धा आहे’ असं फार बोललं गेलं. नकार देणारी घरं असतात, मी शिव्या खाल्ल्यात. पण त्याहून जास्त मुलं सुटली ती वेगळ्या कारणाने. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ तीन-चार महिन्यांनी मुंबईत येतं, लशीचं कार्ड गावी पेटीत राहतं. नऊ महिन्यांच्या डोसच्या वेळी आई ईदला गावी. परत येते तेव्हा भाडं परवडत नाही म्हणून खोली बदललेली, रोड नंबर सातवरून दहावर. माझ्या रजिस्टरमध्ये ‘घर बंद’, दुसरीच्या रजिस्टरमध्ये नावच नाही. त्यात करोनाची दोन वर्षं. याला अंधश्रद्धा म्हणायचं? स्थलांतर करणाऱ्या वस्तीला स्थिर वस्तीच्या रजिस्टरने मोजलं की हे होणारच.

मानखुर्दच्या इमारतींबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे पत्ता पक्का आहे. झोपडपट्टीत मोजणं अवघड, हे कारण तिथे चालत नाही. प्रत्येक दाराला नंबर आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दर दहा घरांमागे एका घरात टीबी. पीएमजीपीत शंभरामागे एक. तिन्हीकडे गरिबी होती, फरक होता दोन इमारतींमधल्या अंतराचा, उन्हाचा आणि वाऱ्याचा. पहिल्या दोन वसाहतींत इमारती जेमतेम तीन मीटरवर उभ्या. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. खिडकी उघडली तर समोरच्याच्या खिडकीतून फेकलेला कचरा आत येतो, म्हणून ती बंद. टीबीचा जंतू उन्हात मरतो आणि मोकळ्या हवेत विरतो, हे आम्ही पेशंटला समजावतो. ऊन आणायचं कुठून, हे पेशंट आम्हाला विचारतो.

या इमारती कुणी लपूनछपून बांधल्या नाहीत. पुनर्वसनाच्या नियमात इमारतींमध्ये मोकळी जागा सोडण्यातून सूट दिली, हेक्टरी किमान ५०० घरांची अट घातली, पुढे ती ६५० वर नेली. म्हणजे शहरात दाटी कमाल किती असावी याची चर्चा होते आणि आमच्यासाठी किमान दाटी ठरवली जाते. आरोग्य खात्याचा यात काय संबंध, असं तुमच्याकडचे लोक म्हणतात. माझ्या मते सगळा संबंध आहे. निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्रत्येक पेशंटचा पत्ता चढतो. त्याला पोषणासाठी महिना हजार रुपये जातात, पूर्वी पाचशे होते. हे पैसे ज्या पत्त्यावरच्या माणसाला जातात तो पत्ता इमारत आणि मजला अशा क्रमाने लावून एकदा बघा. नाव नको, आजारी माणसाचं नाव उघड होता कामा नये, ते मी सर्वात आधी सांगते. टीबीचं नाव फुटलं की इथे मुलीचं लग्न मोडतं. पण इमारत क्रमांक अमुक, पहिला ते तिसरा मजला, गेल्या पाच वर्षांत इतके रुग्ण, एवढा तक्ता जर तुमच्या सहीने विकास नियोजन खात्याकडे आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे गेला, तर पुढच्या वसाहतीचा नकाशा मंजूर करणाऱ्याला तो बाजूला सारताना निदान शेरा लिहावा लागेल. देवनारच्या त्या १२४ एकरांवर काय बांधलं जाणार आहे, त्याच्या आधी तो तक्ता तयार हवा.

धुराचंही तेच. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंग पेटलं, धूर दिवसेंदिवस राहिला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आठवड्यात कुठल्या रोड नंबरची किती माणसं दम लागून दवाखान्यात गेली, हे आज काढता येईल का? शहराचा जैववैद्यकीय कचरा, म्हणजे इस्पितळांतला कचरा, जाळणारा प्रकल्प वस्तीला लागून उभारला गेला. तो हलवण्याबाबत उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन वर्षांची मुदत घालून दिली होती. लोक कोर्टात गेले तेव्हा प्रत्येक वेळी त्यांना हेच विचारलं गेलं की आजाराचा पुरावा काय. पुरावा तुमच्या ओपीडीच्या वहीत पडलेला असतो, पत्त्याविना.

तुम्ही म्हणाल, अभ्यास पुष्कळ झालेत. खरं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारमध्येच आहे, २०११ पासून त्यांनी या विभागावर मोठं काम केलं. विद्यार्थी येतात, प्रश्नावली भरतात, चहा पितात, अहवाल होतो. त्यातले बरेच चांगले आहेत. पण अभ्यास एकदा होतो आणि जुना होतो. मला हवी आहे ती कंटाळवाणी गोष्ट : दर महिन्याला, न चुकता, हेल्थ पोस्टच्या हद्दीप्रमाणे निघणारा एक पानी तक्ता. किती जन्म, किती मृत्यू, कुठल्या वयाचे, कुठल्या कारणाने, किती नवे टीबी, किती मुलांचे डोस राहिले. राहत्या पत्त्याने. आणि तो तक्ता हेल्थ पोस्टच्या भिंतीवर लावलेला, मराठीत आणि हिंदी-उर्दूत, म्हणजे ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता येईल.

त्यासाठी रजिस्टर बदलावं लागेल. घर क्रमांकाखाली तळ, माळा एक, माळा दोन असे रकाने. कारखान्याचा वेगळा रकाना. ‘कुटुंब नाही’ म्हणून माणूस वगळायचा नाही. हे भरायला स्वयंसेविका पुरेशा हव्यात. नागरी आरोग्य अभियानाच्या प्रमाणाप्रमाणे एका आशासेविकेकडे जास्तीत जास्त अडीच हजार लोक असावेत, आणि शिवाजीनगरात अडीच हजार लोक म्हणजे काही गल्ल्या, बास. प्रत्यक्षात एकेकीकडे किती आहेत हे तुमच्या टेबलावरच्या फाइलमध्ये आहे. मानधनाचं मी लिहीत नाही, ती लढाई संघटना लढतेय. पण जी बाई दिवसभर शिड्या चढणार आहे तिच्याकडून त्याच वेळी बूथचं, निवडणुकीचं, अमुक अॅपचं काम करून घेत राहिलात तर ती खाली उभी राहूनच ‘वर कोई नहीं’ लिहील. मीही दमलेल्या दुपारी खालूनच हाक मारणाऱ्या बायका पाहिल्यात. त्यांना दोष देववत नाही.

शेवटची मागणी जनगणनेची. ते काम केंद्राचं असलं तरी प्रगणक पालिकेचे कर्मचारी आणि शिक्षक असतील. एकेका प्रगणकाकडे साधारण सात-आठशे लोकांचा गट येतो. एम पूर्वमध्ये हे गट पाडताना आणि गल्लीत पहिल्यांदा जाताना त्या भागाच्या स्वयंसेविकेला बरोबर घ्या. तिला माहीत असतं कुठली शिडी कुठे आहे, आणि तिच्याबरोबर आलेल्या माणसाला लोक तोडकवाला समजत नाहीत. गणना होण्याआधी वस्तीत हे जाहीर सांगा की या माहितीचा झोपडी पात्र-अपात्र ठरवण्याशी काही संबंध नाही. कायद्यानेच तो नाही. पण सांगायला कुणीतरी सहीची पाटी लावायला हवी.

यातलं काय करता येईल आणि काय नाही, हे लेखी कळवावं. मला पत्र पाठवायची गरज नाही. एम पूर्वच्या विभाग कार्यालयात नोटीस बोर्डावर लावलंत तरी आम्ही वाचू.

आपली,
एक निवृत्त आरोग्य स्वयंसेविका
शिवाजीनगर, गोवंडी